पाणी नको म्हणणाऱ्या बायका

लग्नानंतर बरीच वर्षं माझ्या सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख "आमची सून बागा बनवते" अशी करून देत. तसं ते खोटं नव्हतं. नांदेडच्या ज्या इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसात मी नकाशे काढायला लागले आणि केस पांढरे झाल्यावरच बाहेर पडले, त्या ऑफिसाला आसपासच्या गावांतल्या बागा, चौक, बाजारतळ अशी कामं मिळत. पण कारंजी, झोपाळे, फुलांचे ताटवे हे सगळं दुसरे लोक करत. सगळा नकाशा झाला की उरलेल्या कोपऱ्यात सर पेन्सिलनं एक चौकोन काढायचे आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणायचे, "सुधाताई, इथं तेवढं ते बसवा."

'ते' म्हणजे संडास. सरांनी हा शब्द माझ्यासमोर कधी उच्चारला नाही. फार झालं तर 'सोय' म्हणायचे. आमच्या घरीही जेवताना माझ्या कामाची चौकशी कुणी करत नसे. एकदा एका पाहुणीनं फारच खोदून विचारलं, "बागेत म्हणजे नेमकं काय करता हो तुम्ही?" मी सांगितलं. तिच्या हातात जिलबी होती. ती तिनं खाली ठेवली नाही, पण पुढं खाल्लीही नाही. आता दिवाळी अंकवाल्यांनी आपण होऊन लिहा म्हटलंय, तेव्हा चकलीचा घास ज्याचा त्यानं सांभाळावा. मी काही 'सोय' वगैरे म्हणणार नाही.

पुरुषांना वाटतं, त्यात काय एवढं? चार भिंती, एक भांडं, एक नळ, झालं! बाईला विचारा. तिच्या खांद्याला पर्स असते, हातात भाजीची पिशवी असते, कडेवर लेकरू असतं, आणि नेसूची साडी असते. आत गेल्यावर पिशवी ठेवायची कुठं? ओल्या फरशीवर? मग खुंटी पाहिजे, आणि तीही दाराला नको, बाजूच्या भिंतीला पाहिजे, नाहीतर दार उघडलं की पिशवी तोंडावर. उजेड वरून यायला पाहिजे, बाजूच्या खिडकीतून नाही, कारण बाजूला खिडकी दिसली की बाई आधी तिच्याकडे बघते, मग बाकीचं. फरशीला उतार असा पाहिजे की पाणी पायाखाली थांबणार नाही, साडीचा काठ भिजणार नाही. भांडं उत्तर-दक्षिण बसवायचं, कारण आमच्याकडे अर्धी वस्ती मुसलमान, ती पश्चिमेकडे, काब्याच्या दिशेला, तोंड किंवा पाठ करून बसणार नाही, आणि उरलेल्या अर्ध्यांच्या घरी वास्तुशास्त्रवाला येऊन गेलेला असतो. या एका बाबतीत दोघांचं एकमत आहे, म्हणून ते मी कधी मोडलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कडी. नकाशात कडी दाखवायची पद्धत नाही. मी दाखवायचे. मोठी, पितळी, लावली की खट्‌ आवाज करणारी. तो आवाज आल्याशिवाय बाईचा जीव खाली पडत नाही.

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते मला माझ्या बहिणीकडून आलं.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. आम्ही लातूरच्या. लहानपणी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून ती गंजगोलाईच्या बाजाराला चक्कर मारून आणायची. घरी कळलं की मार खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायची. सिद्धेश्वराच्या जत्रेत पाळणा सगळ्यात वर गेला की दोन्ही हात सोडून ओरडायची, आणि मी खाली डोळे झाकून रडायचे. अशी भटकभवानी बाई! तिचं लग्न लातुरातच झालं, लेकरं झाली, आणि धाकट्याच्या वेळी काहीतरी बिघडलं ते बिघडलंच. तिला लघवी थांबवता येईना. "शिंक आली तरी भ्या वाटतं गं सुधे," ती मला एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली. डॉक्टरकडे चल म्हटलं तर, "आता या वयात हे कुणाला दाखवत बसू?" तेव्हा तिचं वय असं काही फार नव्हतंच.

आक्कानं स्वतःवर स्वतःच उपाय काढला. बाहेर जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. लग्नाघरी गेली की यजमानीण तांब्या पुढं करायची आणि आक्का म्हणायची, "नको, आत्ताच पिऊन निघाले." ओठ कोरडे पडलेले असायचे, बोलताना जीभ टाळूला चिकटायची, पण नको म्हणजे नको. हळूहळू तिनं लग्नं सोडली, मग जत्रा सोडली, मग बाजार. घरात मात्र दिवसभर गाणी म्हणायची.

आमच्याकडे कुणी दारात आलं की आधी पाणी द्यायचं, मग पुढचं बोलायचं. आक्कामुळं मला ते पाणी नाकारणाऱ्या बायका दिसायला लागल्या. तलाठी ऑफिसात उतारा घ्यायला आलेल्या, बँकेत रांगेत उभ्या असलेल्या, शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या नर्स. सगळ्या म्हणायच्या, "नको, आत्ताच प्याले." अग माय, एवढ्या सगळ्या जणी कुठं आत्ताच पिऊन येतात? बागेत कुठं काय बांधायचं हे ठरवण्याआधी मी तिथं बाटली घेऊन जाऊन बसायला लागले. शेजारी बसलेल्या बाईला पाणी विचारायचं. घेतलं तर तिला ठाऊक आहे की जवळ जागा आहे. नको म्हणाली तर मला काम आहे. सर हसायचे. "हा कुठला सर्व्हे, ताई?" म्हणायचे.

नदीकाठच्या बागेचं काम आलं तेव्हा मी लातूरला गेले होते. आक्कासमोर नकाशा पसरला. ती माझ्या घरी नांदेडला कधी आलीच नव्हती. माझं घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, माझ्या लेकीचं बारसं झालं, आक्का नाही. बस मधे थांबते तिथं पुरुष उतरतात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. आक्कानं काय करायचं? मी म्हटलं, "प्रवासाचं माझ्याकडं लागलं. गाडी करू, मधे अहमदपूरला माझ्या नणंदेचं घर आहे, तिथं उतरू. आणि बागेत मी असं बांधते की तू दुपारधरनं दिवेलागणीपर्यंत बसशील, आणि पोटभर पाणी पिशील."

"बांध तू. मी येते," आक्का म्हणाली.

"शब्द?"

"शब्द म्हणलं की. मिरचीभजे बी खाईन. तिखट लागलं की पाणी लागतंच."

त्या चौकोनावर मी जेवढा जीव लावला तेवढा स्वतःच्या घरावर लावला नव्हता. सरांनी दाखवलेला कोपरा मी पहिल्यांदा नाकारला, कारण दार थेट फिरायच्या रस्त्यावर उघडत होतं आणि समोरच्या बाकांवर गावातली रिटायर्ड मंडळी बसायची. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांसमोरून कुठली बाई त्या दारात शिरणार? बागेच्या मागच्या अंगाला एक जुना कडुलिंब होता. मी इमारत त्याच्या सावलीत नेली, दारासमोर आडवी भिंत घातली, आणि मागच्या गल्लीतून दुसरी वाट काढली.

ती वाट काढली कोंडाबाईमुळं. कोंडाबाई अर्धापूरकडची, डोक्यावर टोपलीत केळी घेऊन यायची आणि बागेच्या मागच्या फाटकाशी बसायची. मी तिला पाणी विचारलं तर म्हणाली, "न्हाई बाई, नगं. संडासाला जाऊ का केळी राखू? मी आत अन्‌ बाहेर गाय केळी खाऊन राहिली, असं व्हतंय." मग मी दाराजवळ एक ओटा काढला, खांद्याएवढा उंच. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला ते एकटीला खाली उतरवता येत नाही, वर चढवता तर त्याहून येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. ओटा खांद्याएवढा असला की नुसतं सरकवायचं. त्याच्या पुढं खाली बसायला आणखी एक पायरी. आणि आतून, कडी लावल्यावरसुद्धा, वरच्या जाळीतून टोपली दिसली पाहिजे.

गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचा कंत्राटदार, डोकं धरून बसला. "एवढा उंच ओटा? यावर बसणार कोण बाई, उंट?"

"तुम्ही बांधा. बसणारी येईल."

गुत्तेदार माणूस वाईट नव्हता. काम चोख करायचा. फक्त डोकं जिथं लावायचं नाही तिथं लावायचा. इमारत उभी राहिली, रंग झाला, मी आठवडाभर लेकीच्या परीक्षेत अडकले, आणि परत येऊन बघते तर काय! समोरच्या सगळ्या भिंतीवर देवांच्या टाईल्स. गणपती, दत्त, शंकर, लक्ष्मी. भिंतीकडे तोंड करून पुरुषांनी उभं राहू नये म्हणून आपल्याकडे जिन्यात लावतात ना, तशा.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही," गुत्तेदार अभिमानानं म्हणाला. "तुम्ही नकाशात दाखवलेच न्हाईत बाई, तर मी मपल्या पदरचे लावले. आता बघा, भिंत कशी कोरडी राहती का न्हाई."

भिंत कोरडी राहिली, नाही असं नाही. पण उद्‌घाटनानंतर चारच दिवसांत त्या टाईल्सपुढं कुणीतरी उदबत्ती लावली. मग फूल आलं. मग नारळ फुटला. बाकांवरच्या रिटायर्ड मंडळींत एक गुरुजी होते, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी गुरुवारची आरतीच सुरू केली. येणारा-जाणारा आधी चप्पल काढू लागला. आणि बायका? बायका लांबून हात जोडायच्या आणि परत फिरायच्या. देवासमोरून पाय न धुता संडासात कसं जायचं? त्यातून ज्या बाजूला बसलेल्या, त्या तर त्या वाटेनं फिरकेनात. ज्या चार दिवसांत बाईला बाहेर अशा जागेची सगळ्यात जास्त गरज, त्याच चार दिवसांत तिला दार बंद. मी बाटली घेऊन बसले. सगळ्या म्हणाल्या, नको, आत्ताच प्याले. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

टाईल्स काढा म्हणायची कुणाची छाती? सरांनी हात वर केले. "ताई, देवाच्या भानगडीत मी पडणार नाही." गुत्तेदार म्हणाला, "मपल्या हातानं लावले, मपल्या हातानं कसे फोडू?"

मग मीच एका गुरुवारी गेले. आरती होईपर्यंत थांबले, प्रसाद घेतला, आणि गुरुजींच्या शेजारी बाकावर बसले.

"गुरुजी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की बाळ."

"तुमच्या घरी देवघर कुठं आहे?"

"ईशान्येला. का गं?"

"आणि त्या भिंतीच्या पलीकडं?"

"पलीकडं अंगण. तुळस."

"मग इथं भिंतीच्या पलीकडं काय आहे, हे तुमच्या ध्यानात आहे ना?"

गुरुजी भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातली घंटा अगदी हळू खाली ठेवली. "अरे देवा," म्हणाले, "आणि मी रोज नैवेद्य दाखवून राहिलो इथं!"

पुढचं सगळं त्यांनीच केलं. एक चांगला दिवस बघितला, गुत्तेदाराला हाताशी धरून एकेक टाईल अलगद सोडवली, आणि ताशाच्या गजरात सगळे देव बागेच्या दुसऱ्या टोकाला औदुंबराखाली नेऊन बसवले. मीही गेले होते मिरवणुकीत. भिंतीचा प्रश्न उरलाच होता, तर त्या बाजूला पुरुषांसाठी उघडी मोरी करून दिली, वर छप्पर, खाली वाहतं पाणी. भिंतच हवी आहे ना बाबांनो, ही घ्या भिंत.

मग आली खैरूनबी. झाडलोट आणि देखरेख बघायला ठेवलेली बाई. उंच, कडक, तोंडानं फाटकी. पहिल्याच दिवशी तिनं घरून एक रांजण आणला आणि लिंबाखाली तिवईवर ठेवला. मी म्हटलं, "खैरूनबी, संडासाच्या दारात पाणी कोण पिणार?"

"जागा साफ है तो पियेंगे. मी पिते की. बघा." आणि माझ्यासमोर तिनं तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. "तुमी टेन्शन नक्को लेव बाई."

ती दर बाईमागं फरशी पुसायची. कुणी पुरुष चुकून इकडं वळला तर असा आवाज द्यायची की तो थेट पुलावर जाऊन थांबायचा. लेकरू घेऊन आलेल्या बाईचं लेकरू स्वतःच्या मांडीवर घ्यायची. बुरखा टांगायला तिनं माझ्या खुंटीच्या वर आणखी एक खुंटी ठोकून घेतली. आणि एक दिवस मी बाटली घेऊन बसले होते, तेव्हा कोंडाबाई मागच्या गल्लीतून आली. ओट्यावर टोपली सरकवली, आत गेली. खट्‌. बाहेर आली, हात धुतले, रांजणाकडे गेली आणि पाणी प्याली. एक तांब्या, मग आणखी अर्धा. पदरानं तोंड पुसलं, टोपलीखाली डोकं दिलं आणि निघाली. तिला यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र तिथूनच लातूरला फोन लावला.

"आक्का, बायका पाणी पिऊन राहिल्या गं!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "येते मी," ती म्हणाली. "आता येतेच."

पण यायचं म्हटलं तरी आमच्या लातूरला पाण्याची काय तऱ्हा, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. रेल्वेनं पाणी आलेलं गाव ते. तो उन्हाळा गेला तरी नळ येण्याचा भरवसा नसायचा. आठ दिवसांनी येईल, दहा दिवसांनी येईल, पहाटे येईल, दुपारी येईल. आणि आला की घरच्या बाईनं तिथं पाहिजे. मी गाडी ठरवली की आक्काचा फोन, "अगं, नळ येणार म्हणायलेत, पुढच्या आठवड्यात बघू." आयुष्यभर पाणी प्यावं लागेल म्हणून ती बाहेर पडली नाही, आणि आता पाणी येईल म्हणून बाहेर पडेना. मी चिडायचे. "आग लागो तुझ्या नळाला!" म्हणायचे. ती हसायची. मग गुडघे धरले. मग तिच्या यजमानांचं आजारपण. ते गेले. वर्षश्राद्ध झालं की येते म्हणाली, आणि त्याआधीच तिला लकवा मारला. डावं अंग गेलं. बोलणं शाबूत राहिलं, जरा जड झालं इतकंच. पण आक्का खाटेवर पडली ती पडलीच.

खाटेवरही तिनं जुनीच खोड धरली. पाणी प्यायला तोंड उघडेना. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडतंय, म्हणून सारखा ताप येतो, असंच चाललं तर अवघड आहे. तिची सून रेवती, शाळेत शिकवते, गुणाची पोर, ती पेला घेऊन मागं लागायची. आक्का म्हणायची, "नको, आत्ताच प्याले." मी गेले तेव्हा रागावले तर माझ्या कानाशी म्हणाली, "दिवसभर शाळेत राबून येती गं ती. रात्री किती येळा उठवू?"

रेवती दारात उभी राहून ऐकत होती. "मावशी, मी कंटाळत नाही हो," ती म्हणाली. "शप्पथ. पण या ऐकतच नाहीत."

एकदा संध्याकाळी मी बागेतूनच फोन केला. सहज म्हटलं, लिंबाखाली बसलेय. आक्का म्हणाली, "काय काय दिसतंय तिथनं?" मी सांगत गेले. मागच्या गल्लीतून यायचं, ओट्यावर पिशवी ठेवायची, आडव्या भिंतीच्या मागं वळायचं, की दार. आत गेलं की कडी लाव.

"आवाज येतोय का कडीचा?"

"चांगला खणखणीत. खुंटी उजव्या हाताला आहे. वरून उजेड येतोय. फरशी कोरडी आहे. तुला घाई नाही, बाहेर कुणी वाट बघत नाही. झालं की बाहेर ये, हात धू, लिंबाखाली बस."

"आणि मग?"

"मग खैरूनबीच्या रांजणातलं पाणी."

मग रेवतीचा आवाज आला, अगदी बारीक, "मावशी, पेलाभर प्यायल्या."

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो नेम झाला. मी इथून बोलायचे, रेवती तिथं पेला धरायची. आक्का सगळं पाठ झाल्यासारखी मधेच टोकायची, "आज खुंटी विसरलीस." तिचा ताप येणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या.

आणि मग बागेचं सुशोभीकरण निघालं. मी तोवर निवृत्त झाले होते, मला कोण विचारतंय? एका सकाळी फिरायला गेले तर लिंबाखाली विटांचा ढीग. खैरूनबी आधीच देगलूरला लेकीकडे निघून गेली होती, तिथं आता शेजारणींशी तेलुगूत भांडते म्हणे. पाडणाऱ्या पोरांना मी म्हटलं, "अरे, हे कशाला पाडलं?" तर एक जण म्हणाला, "मॅडम, नवीन येऊन राहिलं ना. स्टीलचं. ॲटोमॅटिक." आलं स्टीलचं. चकचकीत डबा, दार फिरायच्या रस्त्यावर, बाकांच्या बरोब्बर समोर. मोबाईल दाखवला की उघडायचं. काही दिवस उघडलं, मग दारावर 'बंद आहे' असा कागद लागला. लिंब राहिला, कारण तो तोडायला परवानगी लागते. ओटा राहिला, कारण तो कशासाठी आहे हे कुणाला कळलं नाही, खालच्या पायरीमुळं त्यांना तो बाकच वाटला.

त्या संध्याकाळी माझ्या हातात फोन होता आणि मी तशीच बसून राहिले. पलीकडून आक्का म्हणाली, "सुधे, झोपलीस का काय? सांग की." मी सांगितलं. मागच्या गल्लीतून यायचं, ओट्यावर पिशवी ठेवायची. कडीचा आवाज आला का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशीही हो म्हटलं. त्या एका इमारतीची मला जेवढी आठवण येते तेवढी गेलेल्या माणसांची येत नाही, असं म्हटलं तर लोक मला वेडी म्हणतील. म्हणोत. फोनवर तरी ती रोज उभी होती.

मागच्या महिन्यात रेवतीचं शाळेचं प्रशिक्षण नांदेडला निघालं. आक्कानं तिला बजावून पाठवलं, "काहीबी कर, पण मावशीची बाग बघून ये. अन्‌ तिथनंच फोन कर." मी बरीच टाळाटाळ केली. ऊन फार आहे, घरी चल, जेव, आराम कर. रेवती म्हणाली, "आई वाट बघतील मावशी." मग काय, नेलं. लिंबाखाली पोचलो. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, त्या स्टीलच्या डब्याकडे बघितलं, दारावरचा कागद वाचला. मग माझ्याकडे वळली.

"कधीपासून?"

"झालं बरंच," मी म्हटलं. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. लातूरहून माझा भाचा होता, आईच्या उशाशी पेला घेऊन बसलेला. रेवतीनं फोन मोठ्या आवाजावर टाकला, ओट्याच्या पायरीवर बसली आणि डब्याकडे पाठ केली.

"पोचलीस का गं?" आक्काचा जड आवाज आला. "कसं हाय?"

"लई छान आहे आई," रेवती म्हणाली. "ओट्यावर एक केळीवाली टोपली ठेवून आत गेलीय."

"अन्‌ खैरूनबी?"

"त्या काय, रांजण भरायल्यात. एका माणसाला रागावून राहिल्यात, तो चुकून इकडं आला होता."

आक्का हसली. "कडी?"

"आत्ता वाजली बघा. इथवर ऐकू आली."

मी तिच्याकडे बघत राहिले. ही पोर रोज संध्याकाळी पेला धरून बसायची, तेवढंच मला ठाऊक होतं. तिनं यातला शब्दन्‌ शब्द कानात ठेवला होता. मी दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले.

"मंग तू पाणी पिलीस का न्हाई?" आक्कानं विचारलं.

रेवतीनं मान वळवून डब्याकडे बघितलं.

"सकाळधरनं पिली नसशील. मला ठाऊक हाय की, लातूरहून निघताना तू पेला तसाच ठेवलास. आता जागा हाय ना तिथं? पी आधी. तू पी, मंग मी पिते."

रेवतीनं माझ्या पिशवीतून बाटली काढली. तोंडाला लावली आणि सगळी संपवली, मधे श्वाससुद्धा घेतला नाही. "पिले आई," ती म्हणाली.

पलीकडून आक्काचा घोट घेतल्याचा आवाज आला. एक, मग दुसरा. "गार हाय गं पाणी," ती म्हणाली, आणि भाच्यानं फोन ठेवला.

आम्ही दोघी तशाच लिंबाखाली बसलो. संध्याकाळची गर्दी वाढत होती, बाकांवर रिटायर्ड मंडळी येऊन बसली होती. रेवतीनं रुमालानं तोंड पुसलं, पर्स खांद्याला लावली आणि जरा वेळानं माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "मावशी, तुमचं घर इथून किती लांब आहे?"